आडून सुचवणारे इंग्रजी शब्द: कोणता, कुठे आणि किती जपून

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी इंग्लंडमधल्या एका ग्राहकाची मेल आली. आम्ही पाठवलेल्या तक्त्यात काही नोंदी दोनदा पडल्या असाव्यात, एकदा बघता का, असं त्यांनी अगदी सौम्य भाषेत लिहिलं होतं. मी नोंदी तपासल्या, दुरुस्त केल्या आणि उत्तर लिहायला बसले. सुरुवात ‘तुम्ही सुचवल्याप्रमाणे’ अशी करायची होती. कोशात ‘सूचित करणे’ पाहिलं तर पुढे चार-पाच इंग्रजी शब्द. त्यातला सगळ्यात भारदस्त वाटला तो उचलला आणि लिहिलं, ‘अ‍ॅज यू इन्सिन्युएटेड इन युवर मेल’.

तासाभरात दोन ओळींचं उत्तर आलं. मी काहीही ‘इन्सिन्युएट’ केलेलं नाही, तसं वाटलं असेल तर क्षमस्व. एवढंच. आधीच्या मेलमधला मोकळेपणा पार गेला होता. आमच्या मॅनेजरनी मला बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “तू त्यांना काय म्हणालीस, कळतंय का? तुम्ही मनात संशय धरून आडून आमच्यावर आरोप केलात, असं लिहिलंयस तू.” मला तर आभार मानायचे होते.

मी मराठी माध्यमातली. व्याकरण पक्कं होतं, शब्द भरपूर पाठ होते, पण ‘सूचित करणे’ या एका मराठी अर्थाखाली इंग्रजीतले किती वेगवेगळ्या स्वभावाचे शब्द एकत्र बसवलेले असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे अनुवादाचं काम करताना ते एकेक करून उलगडत गेलं. नव्यानं इंग्रजीत लिहू लागलेल्यांसाठी ते इथे क्रमानं मांडते आहे.

हाताशी काय हवं

इंग्रजी-मराठी कोश असू द्या, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवाच. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लाँगमन या तिन्हींचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. साधी भाषा, शब्दामागे कोणतं शब्दयोगी येतं याची माहिती आणि उदाहरणाची वाक्यं, या तीन गोष्टी त्यांत मिळतात. ‘इन्सिन्युएट’चा अर्थ मी अशा कोशात पाहिला असता तर त्यात ‘अनप्लेझंट’ हा शब्द दिसलाच असता आणि हात तिथेच थांबला असता. शिवाय एक वही. तिचा उपयोग शेवटच्या पायरीत सांगते.

पायरी १: आधी मराठीत विचारा, बोलणाऱ्याचा हेतू काय?

आडून बोलणं आपल्याला नवीन नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपलीच. सुचवणं, सूतोवाच करणं, खडा टाकून पाहणं, टोमणा मारणं, ओझरता उल्लेख करणं, या सगळ्यांतला फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी शब्दांकडे जाण्याआधी या ओळखीच्या फरकांवर उभं राहायचं. घरातली चार वाक्यं घ्या.

पाहुणे घड्याळाकडे बघत म्हणतात, “चहाची वेळ झाली वाटतं.” हे ‘हिंट’.

तुम्ही दुकानदाराला फोन करता, “साडेसातला येऊ का?” तो म्हणतो, “मी सातला बंद करतो.” ‘येऊ नका’ असं तो म्हणाला नाही, पण अर्थ तोच. हे ‘इम्प्लाय’.

“कपाटातले दोनशे रुपये सापडत नाहीत. दुपारी घरात तर तूच एकटी होतीस.” हे ‘इन्सिन्युएट’.

“गेल्या दिवाळीला जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.” काय झालं ते दोघींना माहीत आहे, नाव कुणी घेत नाही. हे ‘अल्यूड’.

कोणत्याही वाक्यासाठी शब्द निवडताना ते या चारांपैकी कुणाच्या जवळ जातं ते आधी पाहा.

पायरी २: ‘सजेस्ट’ पक्का करा, निम्मं काम होतं

यातला सगळ्यात निरुपद्रवी शब्द हा. शंका आली की हाच वापरा. पण यात आपल्यासाठी तीन-चार खड्डे आहेत.

पहिला खड्डा ‘सूचना’ या मराठी शब्दाचा. आपली ‘सूचना’ दोन कामं करते. “माझी एक सूचना आहे” यातली सूचना म्हणजे ‘सजेशन’, समोरच्यानं मानली तर मानली. परीक्षेच्या पेपरवरच्या सूचना मात्र पाळायच्याच असतात, त्या ‘इन्स्ट्रक्शन्स’. मुख्याध्यापकांची किंवा साहेबांची सूचना इंग्रजीत सांगताना ‘सजेशन’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, ऐच्छिक दिसतंय.

दुसरा खड्डा ‘सजेस्ट मी अ गुड डेंटिस्ट’. मराठीत ‘मला सुचव’ म्हणतो म्हणून हे तोंडात येतं आणि भारतात सर्रास ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत ‘सजेस्ट’नंतर लगेच माणूस येत नाही, वस्तू किंवा कल्पना येते: ‘कॅन यू सजेस्ट अ गुड डेंटिस्ट?’ माणूस सांगायचाच असेल तर ‘टू’ लावून नंतर: ‘शी सजेस्टेड अ प्लॅन टू अस’. तसंच ‘सजेस्टेड टू गो’ चुकीचं, ‘सजेस्टेड गोइंग’ बरोबर.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण शिकण्यासारखी. या शब्दाला दोन अर्थ आहेत. माणूस सुचवतो तेव्हा तो प्रस्ताव असतो: ‘आय सजेस्ट दॅट ही सी अ डॉक्टर’. इथे ‘ही’ असूनही ‘सीज’ होत नाही. कागद किंवा पुरावा ‘सजेस्ट’ करतो तेव्हा अर्थ ‘यावरून असं दिसतं’: ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट ही हॅज अ‍ॅनिमिया’. इथे मात्र ‘हॅज’च. त्या ग्राहकाच्या मेलमध्येही ‘आकडे असं सजेस्ट करतात’ असंच होतं. दोष त्यांनी आकड्यांवर ठेवला होता, माणसांवर नव्हता, आणि नेमकं तेच माझ्या नजरेतून सुटलं.

चौथा खड्डा खोल आहे. ‘सजेस्टिव्ह’ हे विशेषण नुसतं कुणाच्या बोलण्याला किंवा मजकुराला लावलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘चावट, लैंगिक सूचकता असलेला’ असा होतो. कुणाच्या चांगल्या सल्ल्याचं कौतुक करताना ‘युवर मेल वॉज व्हेरी सजेस्टिव्ह’ असं चुकूनही लिहू नका. तिथे ‘हेल्पफुल’ लिहा.

पायरी ३: ‘हिंट’ द्यायचा, टाकायचा, घ्यायचा

हा घरगुती, हलका शब्द. त्यात चांगलं-वाईट काहीच ठरलेलं नसतं. नाम म्हणून वापरला की त्याच्याबरोबर ठरावीक क्रियापदं येतात. ‘गिव्ह अ हिंट’ म्हणजे कोड्यात किंवा प्रश्नात मदत म्हणून थोडं सांगणं. ‘ड्रॉप अ हिंट’ म्हणजे बोलता बोलता सहज खडा टाकणं, जसं वाढदिवसाच्या आठवडाभर आधी दुकानातल्या घड्याळासमोर रेंगाळणं. ‘टेक द हिंट’ म्हणजे न सांगता समजून घेणं, आपण ‘शहाण्याला शब्दाचा मार’ म्हणतो त्याच्या जवळचं.

क्रियापद म्हणून वापरताना मागे ‘अ‍ॅट’ किंवा ‘दॅट’ येतं: ‘शी हिंटेड अ‍ॅट अ चेंज’. ‘हिंटेड मी’ होत नाही.

आणि ‘हिंट’चं मराठी करताना ‘इशारा’ लिहू नका. हिंदीत ‘इशारा’ खुणेला चालतो, पण मराठीत ‘इशारा दिला’ म्हणजे धोक्याची सूचना दिली, ताकीद दिली. हिंदीतून आलेल्या जाहिरातींच्या मराठी अनुवादांत ही चूक वारंवार दिसते.

पायरी ४: ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’, दोन टोकांची दोन माणसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण या जोडीत इंग्रजी मातृभाषा असलेलेही गडबडतात.

‘इम्प्लाय’चं मूळ लॅटिनमध्ये ‘आत दुमडणं’ असं आहे. आजी पदराच्या टोकाला नोट बांधून गाठ मारायची, तसा अर्थ वाक्याच्या घडीत ठेवलेला असतो. आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे: गर्भित. ‘गर्भित अर्थ’ म्हणजे ‘इम्प्लाइड मीनिंग’. ठेवणारा तो ‘इम्प्लाय’ करणारा. ‘इन्फर’ करणारा समोरचा, जो घडी उलगडून आतलं बाहेर काढतो. मराठीत आपण याला ‘अनुमान काढणं’ किंवा ‘ताडणं’ म्हणतो.

म्हणून दुकानदारानं ‘इम्प्लाय’ केलं, तुम्ही ‘इन्फर’ केलंत. ‘व्हॉट आर यू इन्फरिंग?’ असा प्रश्न बोलणाऱ्याला विचारलात तर गल्लत झाली. तिथे ‘इम्प्लाइंग’ हवं. लक्षात ठेवायची खूण: ‘इन्फर’पाठोपाठ बहुधा ‘फ्रॉम’ येतं, कारण ते कशावरून तरी काढायचं असतं. ‘आय इन्फर्ड फ्रॉम हिज टोन’. उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, इन्-फर. नाम झालं की तो पहिल्यावर सरकतो, इन्-फरन्स.

‘इम्प्लाय’चा कर्ता माणूसच असावा असं नाही. मौन, आकडे, एखादा शब्दही ‘इम्प्लाय’ करतो. कायद्याच्या भाषेत तर हा रोजचा शब्द आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ९ मध्ये वचनाचे दोन प्रकार सांगितले आहेत: शब्दांत दिलेलं ते ‘एक्स्प्रेस’ आणि शब्दांशिवाय दिलेलं ते ‘इम्प्लाइड’. तुम्ही लाल डब्यात चढलात, कंडक्टरशी काही बोलला नाहीत, तरी तिकिटाचे पैसे देण्याचं वचन चढण्यातच आलं. भाडेकरार किंवा नोकरीचा करार वाचताना हा शब्द दिसला की थांबून वाचा. जे लिहिलेलं नाही तेही तुम्ही कबूल करता आहात, असा त्याचा अर्थ असू शकतो.

न बोललेला अर्थ पोहोचतो कसा, यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानं दिली. त्यांचं एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगते. तत्त्वज्ञान शिकवण्याच्या जागेसाठी एका विद्यार्थ्यानं अर्ज केला आहे आणि त्याचे प्राध्यापक शिफारसपत्रात फक्त एवढंच लिहितात की याचं इंग्रजीवर प्रभुत्व आहे आणि वर्गातली हजेरी नियमित आहे. वाईट शब्द एकही नाही. पण तत्त्वज्ञानाबद्दल अवाक्षर नाही, यातूनच वाचणारा काय ते समजतो. प्राध्यापकांनी ‘इम्प्लाय’ केलं, निवड समितीनं ‘इन्फर’ केलं.

ऐकणाऱ्याच्या बाजूचा विचार आपल्या परंपरेत फार आधी झाला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी ध्वनीचा सिद्धांत मांडला, म्हणजे शब्दापलीकडे उमटणारा अर्थ. त्यांच्यानंतर मम्मटांनी ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला, एवढं एकच वाक्य घेऊन दाखवलं की ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. एकाला ते ‘गाई गोठ्यात घ्या’ असं ऐकू येतं, दुसऱ्याला ‘संध्येला बसा’, तिसऱ्याला ‘विक्रीचा माल आवरा’. वाक्य एक, ‘इन्फरन्स’ तीन. ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ मधला फरक मला खऱ्या अर्थानं या उदाहरणानं कळला, कोशानं नाही.

परदेशी शिक्षणासाठी परीक्षा देणाऱ्यांनी हे टोक विशेष घासून घ्यावं. जीआरई किंवा टोफेलमध्ये ‘इट कॅन बी इन्फर्ड’ असं विचारतात तेव्हा उत्तर उताऱ्यात शब्दशः नसतं, पण उताऱ्यावरून निघालंच पाहिजे. तुम्हाला जगाबद्दल एरवी काय माहीत आहे, ते तिथे चालत नाही. आयईएलटीएसमध्ये ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांत गोंधळ होतो तो इथेच. उताऱ्याच्या विरुद्ध असेल तर ‘फॉल्स’, उतारा त्याबद्दल गप्पच असेल तर ‘नॉट गिव्हन’.

एक सख्खा दिसणारा शब्द: ‘इम्प्लिकेट’. त्याचा रोजचा अर्थ गुन्ह्यात किंवा गैरव्यवहारात कुणाचा हात असल्याचं दाखवणं. ‘इम्प्लाय’च्या जागी तो घालू नका.

पायरी ५: ‘इन्सिन्युएट’ हातात घेण्याआधी थांबा

हा तोच शब्द, ज्यानं मला शिकवलं. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी वळण, बाक आहे. सरळ न जाता वळणावळणानं आत शिरणं. म्हणूनच ‘इन्सिन्युएट वनसेल्फ’ म्हणजे गोड बोलून हळूहळू कुणाच्या मर्जीत शिरणं. आणि ‘इन्सिन्युएट दॅट’ म्हणजे कुणाबद्दल वाईट गोष्ट उघड न म्हणता ऐकणाऱ्याच्या मनात सोडून देणं.

यात दोन गोष्टी पक्क्या असतात. सुचवलेली गोष्ट वाईट असते, आणि हा शब्द वापरणारा सुचवणाऱ्याला दोष देत असतो. त्यामुळे स्वतःबद्दल ‘आय इन्सिन्युएटेड’ असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर नकारात: ‘मी तसं काही इन्सिन्युएट करत नाहीये’. ‘व्हॉट आर यू इन्सिन्युएटिंग?’ हा प्रश्न म्हणजे “तुमच्या बोलण्याचा रोख काय आहे?” आपण हे आवाज चढवूनच विचारतो, इंग्रजीतही तसंच. चांगली बातमी कुणी ‘इन्सिन्युएट’ करत नाही.

कामाच्या पत्रव्यवहारात तो मी आता वापरतच नाही. आरोप करायचा असेल तर सरळ करावा, आणि नसेल तर हा शब्द नको.

याचा भाऊबंद ‘इन्युएन्डो’. हे नाम आहे. मूळ अर्थ ‘मान हलवून खूण करत’. रोजच्या बोलण्यात द्वयर्थी, बहुधा लैंगिक सूचकतेच्या बोलण्याला हे म्हणतात. पण अब्रुनुकसानीच्या खटल्यांत याला वेगळा, काटेकोर अर्थ आहे: वरवर साधी असलेली वाक्यं, पण पार्श्वभूमी माहीत असलेल्याला त्यांत बदनामी दिसते. आडून बोललं म्हणजे कायद्यातून सुटलो, असं समजू नये. आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये असलेली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलेली तरतूद स्पष्टच सांगते की उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर नाव न घेता लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पायरी ६: ‘अल्यूड’ला ‘टू’ जोडा

नाव न घेता उल्लेख करणं म्हणजे ‘अल्यूड टू’. ‘टू’शिवाय तो उभा राहत नाही. नाव घेऊन उल्लेख केलात तर तो ‘रेफर टू’. ‘वर उल्लेख केल्याप्रमाणे’ यासाठी ‘अल्यूड’ वापरणं बरोबर नाही, कारण वर तुम्ही तो उघड केलेला असतो.

ऐकायला जवळचे शब्द फसवतात. ‘ई’नं सुरू होणारा ‘इल्यूड’ म्हणजे हातातून निसटणं. नाम ‘अल्यूजन’ म्हणजे संदर्भ, ‘इल्यूजन’ म्हणजे भास. लिहिल्यावर पहिलं अक्षर पुन्हा तपासा, स्पेलचेकर ही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

पायरी ७: ‘इंटिमेट’, देश बदलला की अर्थ बदलतो

बँकेच्या, विमा कंपनीच्या, सरकारी कचेरीच्या पत्रात ‘काइंडली इंटिमेट’ आपण जन्मभर वाचत आलो. आपल्याकडे याचा अर्थ सरळ ‘कळवावे’. ब्रिटन-अमेरिकेत मात्र क्रियापद म्हणून तो ‘आडून कळू देणं’ याच्याकडे झुकतो, आणि विशेषण म्हणून ‘जवळिकीचा’. भारतातल्या कचेरीला लिहिताना खुशाल वापरा. परदेशी माणसाला लिहिताना ‘प्लीज लेट मी नो’ लिहा. उच्चारही वेगळे: क्रियापदाचा शेवट ‘मेट’ असा लांब, विशेषणाचा ‘मिट’ असा आखूड.

पायरी ८: समोरचा आडून बोलतोय हे ओळखा

आपण कितीही जपून लिहिलं तरी समोरच्याचं कळलं नाही तर उपयोग नाही. इंग्रज साहेब ‘यू माइट वॉन्ट टू लूक अ‍ॅट दिस अगेन’ म्हणतो तेव्हा शब्द ऐच्छिक वाटतात. बहुतेक वेळा अर्थ असतो, हे पुन्हा करा. ‘आय वुड सजेस्ट’ वरिष्ठाकडून आलं तर ती आपल्या अर्थाची ‘सूचना’ समजा, पाळायची. सुरुवातीला मी अशा ओळी सल्ला म्हणून सोडून द्यायचे आणि नंतर आठवणीची मेल यायची.

अर्थ लागला नाही तर विचारा, पण शब्द सांभाळून. ‘व्हॉट आर यू गेटिंग अ‍ॅट?’ म्हणजे “तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?” मित्रांत चालतं, मेलमध्ये कडक वाटतं. ‘कुड यू क्लॅरिफाय व्हॉट यू हॅड इन माइंड?’ हे सुरक्षित.

पायरी ९: वहीत तीन रकाने

पहिल्या रकान्यात दिवसभरात ऐकलेलं आडून बोललेलं एक मराठी वाक्य. दुसऱ्यात बोलणाऱ्याचा हेतू, दोन शब्दांत. तिसऱ्यात इंग्रजी क्रियापद, त्याच्या ‘टू’, ‘अ‍ॅट’ किंवा ‘दॅट’सकट. वर्तमानपत्रातला ‘गर्भित इशारा’ दिसला तर तिथे ‘व्हेल्ड वॉर्निंग’ लिहा. ‘निवडणूक लढवण्याचे संकेत दिले’ दिसलं तर ‘हिंटेड अ‍ॅट’. ‘नाव न घेता टीका केली’ ही ओळ तर रोज मिळेल, आणि तिथे अडायला होईल, कारण ‘अल्यूड’ त्या टीकेची धार सांगत नाही आणि ‘इन्सिन्युएट’ला आरोप लागतो. मी तिथे सरळ ‘क्रिटिसाइज्ड विदाउट नेमिंग’ लिहिते.